आधी मानूस, मंग बोर्ड

गजूदादाला बसलेला कुणी पाहिलाय का, हा प्रश्न आमच्या कॉलेजात नव्या पोरापोरींना विचारायची पद्धत होती. रॅगिंग म्हणा हवं तर, पण आमचं रॅगिंग इतकंच. बिचारी पहिल्या वर्षाची मंडळी आठवडाभर त्याच्या मागे फिरायची आणि हात हलवत परत यायची. कॅन्टीनमध्ये तो उभा, लायब्ररीत उभा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्याला कुणी बस म्हणतच नसे, म्हणून तिथंही उभा. चहा उभ्याने, डबा उभ्याने. कुणी खुर्ची पुढे केलीच तर "बसतो ना बावा, दोन मिनटात येतो" म्हणायचा आणि त्याच खुर्चीवर चढून डोक्यावरचा पंखा खोलायला लागायचा.

खरं नाव गजानन ठवकर. आम्ही मराठी पोरं गजूदादा म्हणायचो, बाकी सगळं कॉलेज गज्जू भैया. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि पेनांचा गठ्ठा. पेनं स्वतःसाठी नव्हेत. कुणाचं ना कुणाचं पेन ऐन वेळी दगा देणार, हा त्याचा जगाबद्दलचा पक्का अनुभव होता. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी कायम वायरींची भेंडोळी, त्यामुळे त्याचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर. लांबून येताना दिसला तरी पायांवरून ओळखू यायचा.

मी पुण्यात राहायला आल्यापासून माझ्या मराठीला इस्त्री करून घेतली आहे. ऑफिसात कुणी "तू मूळची कुठली गं?" विचारलं आणि मी रायपूर म्हटलं की "अय्या, मग मराठी कसं काय येतं?" हे ठरलेलं. येतं बाई! आजोबा रेल्वेत लागून नागपूरहून आले तेव्हापासून आमच्या घरी येतं. पण गजूदादाबद्दल लिहायला घेतलं की ती इस्त्री मोडते, त्याला माझा इलाज नाही.

आमचं कॉलेज नव्या राजधानीच्या वाटेवर. तिथले रस्ते असे रुंद की पलीकडे कोण उभं आहे हे कळायला आधी रस्ता ओलांडावा लागे. आणि रहदारी काय, तर गाई, चौकीदारांच्या सायकली आणि गजूदादाची स्कूटर. सिग्नल मात्र नवे कोरे लागले होते, आणि त्या ओसाड चौकात लाल दिव्याला थांबणारा अख्ख्या छत्तीसगडात हा एकच प्राणी. मी मागून ओरडायचे, "दादा, कोनी नाही ना! काढ ना गाडी!" तो शांतपणे म्हणायचा, "दिवा तं आहे ना वं. एवढा एकटा जळून राहिला, त्याचं मन राखाव लागते."

तो आमच्या आधीपासून त्या कॉलेजात होता आणि आमच्या नंतरही राहील असं आम्ही धरून चाललो होतो. शाखा इलेक्ट्रिकल. सगळे पेपर कधीचे निघाले होते, अडकला होता फक्त गणिताचा तिसरा पेपर, आमच्या बोलीत एम-थ्री. त्याच्याबरोबरच्या पोरांची लग्नं झाली, पोरं झाली. एकेकाळी त्याच्या शेजारी बाकावर बसणारा पप्पू तर आम्हाला शिकवायला सर म्हणून आला. वर्गात गजूदादा त्याला "यस सर" म्हणायचा आणि बाहेर आल्यावर "अबे पप्पू, चाय पिला." पप्पू सर मुकाट्याने पाजायचे.

गंमत अशी, की एम-थ्री आम्हाला शिकवायचा तोच. कॅन्टीनमागच्या भिंतीवर खडूने, उभ्याउभ्याच. जे पप्पू सरांकडून महिनाभर कळलं नाही ते गजूदादाकडून एका दुपारी कळायचं. ज्यांना तो शिकवायचा ते झाडून सगळे पास. आणि हा तेवढा नापास. आम्हाला वाटायचं, असेल बुवा, काहींना सांगता येतं पण लिहिता येत नसेल. आमच्या डोक्याने त्यापलीकडे विचार केला नाही.

आता हॅकेथॉनची गोष्ट. हॅकेथॉन म्हणजे पोरं एका हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन जमतात आणि ठरल्या वेळात एखादं ॲप किंवा यंत्र बनवून दाखवतात. दुसऱ्या एका शहरात अशी मोठी स्पर्धा होती, 'समाजाच्या भल्यासाठी' असं नाव दिलेली, आणि आम्हा मुलींबरोबर कुणीतरी मोठं माणूस पाठवायचं म्हणून कॉलेजने गजूदादाला पाठवलं. दोन दिवस तो तिथं भिंतीला टेकून उभा होता. परतीच्या गाडीत आम्ही पहिल्या फेरीतच उडाल्याच्या दुःखात होतो, आणि हा खिडकीशी उभा राहून वेगळ्याच रागात.

"सगळं होतं वं तिथं," तो म्हणाला. "बॅनर होतं, टी-शर्ट होते, पिझ्झा होता. पोट्ट्याईनं आंधळ्याची काठी बनवली. अन् डोळे मिटून स्वतःच चालून राहिले होते! अख्ख्या हॉलमंधी एक आंधळा मानूस नाही. काहून? कोनी बलावलाच नाही."

त्या रागातून आमचं स्वतःचं हॅकेथॉन निघालं. सगळं विद्यार्थ्यांनी चालवायचं. प्राचार्यांनी हॉल दिला आणि उद्घाटनाचं भाषण स्वतःकडे ठेवलं, तेवढाच त्यांचा हात. बाकी राज्य गजूदादाचं. आणि त्याने असा एक नियम काढला की पहिल्या वर्षी आम्ही त्याला बह्याडच, म्हणजे ठार वेडा, ठरवलं.

प्रत्येक टेबलाला एक खुर्ची जास्तीची. ज्याच्या अडचणीवर तुम्ही काम करणार, तो माणूस जिवंत, सदेह, त्या खुर्चीवर आणून बसवायचा. तो बसेपर्यंत तुमच्या लॅपटॉपला वीज मिळणार नाही. विजेचे बोर्ड गजूदादाने स्वतः बनवलेले होते. लाकडी पेटीवर चार सॉकेट आणि एक लाल दिवा. ते कपाटात कुलपात, आणि कपाटाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून याच्या गळ्यात. कुणी कितीही गयावया करो, एकच उत्तर. "आधी मानूस, मंग बोर्ड."

दुसरा नियम त्याहून विचित्र. त्या माणसाला तुमची अडचण काय, असं विचारायचं नाही. "कोनालेबी विचारा अडचन काय, तो म्हनते सब ठीक है. अडचन विचारू नका. कालचा दिवस विचारा, सकाळपासून. अन् मधात बोलू नका." आणि तिसरा नियम, संध्याकाळी हॉल बंद. बाकी सगळीकडे रात्रभर जागून करतात, आमच्याकडे रात्री झोपायचं. पेंगत पेंगत बनवलेली वस्तू कुणाच्या कामाची नसते, असं त्याचं ठाम मत होतं.

पहिल्याच वर्षी आमच्या वर्गातल्या चार हुशार पोट्ट्यांनी यातून पळवाट काढली. ऑटोवाल्यांसाठी ॲप करायचं होतं, पण ऑटोवाला कोण आणणार? त्यांनी आपल्याच एका दोस्ताच्या गळ्यात गमछा टाकला, खाकी शर्ट चढवला आणि खुर्चीवर बसवला. गजूदादा आला. खाली वाकून त्याच्याकडे बघितलं, प्रेमाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भैया, जरा पंडरी तक छोड़ दो ना, अर्जेंट है." बाहेर प्राचार्यांचे पाहुणे घेऊन आलेला खराखुरा ऑटो उभा होता. त्याच्या मालकाला विचारून दादाने या बहाद्दराला चालकाच्या जागी बसवलं. पोरगं हँडल धरून नुसतं घाम पुसत बसलं. शेवटी त्याने गमछा काढला आणि गुपचूप दादाच्या हातात दिला. दादा रागावला नाही. खऱ्या मालकाला आत आणून बसवलं, चहा दिला, आणि पोरांना बोर्ड दिला. "आता इचारा याईले कालचा दिवस," म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

माझ्या टीमने बूढापाऱ्यातले देशमुख आजोबा आणले होते. आमच्या ओळखीचे, एकटे राहणारे. म्हाताऱ्या माणसांना औषधांची आठवण करून देणारं ॲप आम्ही मनातल्या मनात आधीच बनवून टाकलं होतं. आजोबांनी कालचा दिवस सांगायला सुरुवात केली. औषधं? ती त्यांनी चहाबरोबर घेतली होती, हे एका वाक्यात संपलं. मग तलावावरचा फेरा, मग दुपार. दुपार आली आणि आजोबा थांबले. कॅरमचा बोर्ड पुसून ठेवला, पावडर टाकली, म्हणाले. मग? मग काही नाही, ज्याच्याबरोबर खेळायचे तो मित्र मुलाकडे भिलाईला गेला होता. रोज पावडर टाकून ठेवायचे, आणि संध्याकाळी पुसून टाकायचे.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. औषधांचं ॲप तिथंच मेलं. त्याऐवजी आम्ही तलावाच्या आसपास दुपारी कॅरम, पत्ते, बुद्धिबळ खेळायला कोण मोकळं आहे, ते एका फोनवरून कळेल अशी साधी सोय केली. बक्षीस कसलं मिळतंय! पण आजोबांना आठवड्यात तीन भिडू मिळाले, आणि त्यातला एक चिडका होता म्हणून ते आमच्याकडे तक्रार घेऊन आले. गजूदादा इतका खूश झाला म्हणून सांगू. "तक्रार करून राहिले बुडे! म्हंजे चालू आहे आपलं," असं आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता.

या सगळ्या गोंधळात दरवर्षी पहिल्या दिवशी दुपारी हॉलच्या दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहायची, हातात भला मोठा स्टीलचा डबा. ठवकर काकू, गजूदादाची आई. वडील रेल्वेतून रिटायर झाले आणि पाठोपाठ गेले, तेव्हापासून रेल्वे कॉलनीमागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत हे दोघंच. डब्यात सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्याच्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. अशी वडी मी नंतर कुठं खाल्ली नाही, आणि शोधायचंही सोडून दिलं आहे.

काकू आम्हाला वाढायच्या आणि हळूच एकच प्रश्न विचारायच्या. "तुमी सगळे त्याच्याकडून शिकता अन् पास होता. मंग माहा पोट्टा काहून नाही होत वं?" आमच्या तोंडात वडी असायची, ते एक बरं. एकदा त्या म्हणाल्या, "पेपरच्या दिवशी मी जेवत नाही. तो येते, चप्पल काढते, काईच बोलत नाही. मले समजते. मंग दोघंबी थंडं जेवतो." हे सांगताना त्या हसत होत्या.

माझ्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाने गजूदादाला सांगून टाकलं, ही शेवटची संधी. उन्हाळ्यातल्या परीक्षेत एम-थ्री निघाला तर डिग्री. नाही निघाला तर इतक्या वर्षांचे सगळे पास झालेले पेपर पाण्यात, आणि गजानन ठवकर कायमचा बारावी पास. कॉलेजभर ही बातमी पसरली. जो तो त्याला "दादा, आता अभ्यास कर हं" म्हणायचा आणि त्याच दमात "जरा माझा चार्जर बघ ना." आणि तो चार्जर बघायचा.

त्या वर्षीच्या हॅकेथॉनला एका टेबलाची खुर्ची रिकामी राहिली. टीम पहिल्या वर्षाच्या मुलींची, म्होरकी दुलारी साहू. महासमुंदकडच्या गावातली, एवढीशी पोर, आवाज मात्र लग्नाच्या मांडवातल्या भोंग्याचा. बाकी सगळ्या टेबलांवर लाल दिवे लागले होते, आणि या पोरी हाताची घडी घालून बसल्या होत्या. गजूदादा तिथं गेला.

"आदमी कहाँ है? बिना आदमी के बोर्ड नहीं मिलेगा, पता है ना?"

"हव भैया, पता है," दुलारी म्हणाली. "आदमी आ गया है."

"कहाँ?"

तिने खुर्ची ओढली, ओढणीने पुसली. "बइठव भैया."

दादा हसला. इकडेतिकडे बघितलं. हॉलमधला कळफलकांचा आवाजसुद्धा थांबला होता. "अरे, मेरे को क्या प्रॉब्लेम है? पागल हो क्या तुम लोग?"

"प्रॉब्लेम कौन पूछ रहा है?" दुलारी म्हणाली. "आप पिछले पेपर का दिन बताइए. सुबह से. बैठिए, हमारा टाइम जा रहा है. बोर्ड भी लेना है."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी छताकडे बघितलं. नियम त्याचाच होता. गळ्यातली किल्ली त्याने एकदा चाचपली, खुर्चीकडे पाहिलं, आणि अगदी कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखा, गजूदादा बसला. मागे कुणीतरी फोटो काढायला फोन वर केला. मी त्याच्याकडे असं बघितलं की फोन खाली गेला.

मग त्याने सांगितलं. मागच्या वेळी एम-थ्रीच्या दिवशी घरून तो लवकरच निघाला होता. वाटेत फोन आला, एका पोट्टीचं हॉल तिकीट घरी राहिलं, बूढापाऱ्यात. म्हणून स्कूटर वळवली. ते आणून देतो तोच दुसऱ्याचं पेन. मग कुणीतरी रडत होतं, त्याला पाणी दिलं, एक उदाहरण समजावलं. मग परीक्षेच्या हॉलमधला पंखा बंद, शिपायाने हाक मारली. घंटा होऊन गेल्यावर हा धापा टाकत आपल्या जागेवर. घाम वहीवर टपकत, अर्धा वेळ गेलेला. त्याच्या आधीच्या वेळी? तेच. त्याच्याही आधी? नावं वेगळी, बाकी तेच. त्यातल्या एका वेळचं हॉल तिकीट माझं होतं. ते मला तिथं उभं राहून आठवलं आणि आपण किती सहज हाका मारत होतो या माणसाला, असं वाटून मला स्वतःचा आणि सगळ्या कॉलेजचा भयंकर राग आला.

दुलारी मधे एक शब्द बोलली नाही. शिकवलेलंच होतं तसं. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "और भैया, अगर टाइम पे पहुँच गए तो?"

"तो पास हो जाऊँगा ना," तो पटकन म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "अन् पास झालो तं दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाऊ वं? इथं सगळे हाका मारतात. बाहेर मले कोन हाक मारन?"

मला रडूच फुटलं. इतका मोठा माणूस, आणि इतकी लहान भीती, आणि ती आम्हाला कुणालाच कधी दिसली नव्हती. दुलारीला मराठी शब्द कळले नसतील, पण बाकी कळलं. ती म्हणाली, "यहीं आना भैया. अगले साल. लेकिन खाली हाथ नहीं, आदमी लेके. नियम सबके लिए है." सगळा हॉल हसला. गजूदादाही हसला, डोळे पुसले, उठला आणि तिला बोर्ड दिला.

दुसऱ्या दिवशी त्या पोरींनी जे दाखवलं ते असं: परीक्षेच्या दिवसांत गजूदादाला येणारा प्रत्येक फोन आपोआप एका दुसऱ्या फोनवर जाणार. तिथून कामाप्रमाणे मदतीला तयार असलेल्या पोरांना निरोप जाणार. हॉल तिकीट आणायला गाडीवाला, पेनाला पेनवाला, रडणाऱ्याला धीर द्यायला वेगळी दोघं. आणि फोन करणाऱ्याला आधी ऐकू येणार, "गज्जू भैया बैठे हैं. काम बताइए."

दाखवत असतानाच माइक बंद पडला. स्टेजवर बसलेल्या प्राचार्यांनी सवयीने खिशातून फोन काढला आणि गजूदादाला लावला. समोरच्याच टेबलावरचा फोन वाजला आणि दुलारीने आपल्या भोंग्या आवाजात उत्तर दिलं, "भैया बैठे हैं सर, काम बताइए!" प्राचार्य फोन कानाला धरून तिच्याकडे बघत राहिले. तोवर दुसऱ्या वर्षातला एक पोट्टा निरोप पाहून उठला आणि त्याने माइक नीट केला. टाळ्या थांबेचनात.

बक्षीस मिळालं नाही. बंगळूरहून आलेल्या परीक्षकाने विचारलं, याचा फायदा किती लोकांना? दुलारी म्हणाली, "एक." तो हसून म्हणाला, एका माणसाने समाज होत नाही. मला त्या परीक्षकाचा राग आजही आहे, आणि तो मी सोडणार नाही.

पेपरच्या दिवशी ऊन असं, की स्कूटरच्या सीटला हात लावायची सोय नव्हती. माझा त्या दिवशी पेपर नव्हता, म्हणून तो दुसरा फोन माझ्याकडे. गेटपासून परीक्षेच्या हॉलपर्यंत दुलारीची फौज उभी होती. गजूदादा आला, आणि त्याच्याकडे कुणी काहीही मागितलं नाही. तो इतका गोंधळला की प्रत्येकाला विचारत सुटला, "तुझं पेन आहे ना? तुझं हॉल तिकीट?" सगळे म्हणत, "है भैया, आप जाइए." दुलारीने त्याच्या खिशातला टेस्टरसुद्धा काढून घेतला. दारात पप्पू सर होते. घंटेला अजून वेळ, आणि समोर गजूदादा! "क्या रे गज्जू," ते म्हणाले, "आज तेरा पेपर नहीं है क्या?"

इकडे माझ्या हातातला फोन बंद व्हायचं नाव घेईना. कुणाचं काय, कुणाचं काय. सगळ्यांची सोय लागत होती. घंटा झाली, आणि तेवढ्यात आणखी एक फोन आला.

"गजू?"

ठवकर काकू होत्या. फोन वळवलाय हे त्यांना सांगायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, मी बोलतेय. दादाचा फोन माझ्याकडे आहे."

"काहून? कुठी गेला तो?" त्यांचा आवाज चिरकला. "आजबी नाही पोचला का?"

"पोचला काकू. घंटेच्या आधीच पोचला."

"मंग?"

मी खिडकीतून आत बघितलं. भिंतीकडच्या बाकावर गजूदादा मागे टेकून बसला होता. पेपर हातात, पेन उघडून, कपाळ कोरडं. लिहायला लागला होता.

"बसला काकू," मी म्हटलं. "आपल्या जागेवर बसलाय. लिहून राहिला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मंग मी जेवून घेऊ का वं?"

"जेवून घ्या काकू," मी म्हटलं.

निकाल लागला. पास, आणि नुसता काठावर नाही, चांगला दणदणीत पास. कॉलेजात त्या दिवशी ढोल आणले होते. गजूदादाने गळ्यातली किल्ली काढून दुलारीच्या गळ्यात घातली. पावसाळ्याआधी तो सिलतऱ्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकलमध्ये लागला, आणि मी पुण्याला आले.

पुढच्या वर्षी हॅकेथॉनला मी मुद्दाम रजा काढून गेले. हॉल तोच, टेबलं तीच, बोर्डांवर नवा रंग. दुलारी किल्ली मिरवत फिरत होती. दुपारच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. पाय आत, कारण पायाशी वायरी नव्हत्या. मागे नव्या पातळात ठवकर काकू, मांडीवर डबा.

दुलारी कमरेवर हात ठेवून दारात आडवी झाली. "भैया, आदमी?"

"लाया ना," दादा म्हणाला, आणि आईकडे बोट दाखवलं.

काकूंना पुढच्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं. त्या डबा सोडेनात. पोरं भोवती जमली. दुलारीने मला डोळ्याने खुणावलं, तेव्हा मी विचारलं, "काकू, कालचा दिवस सांगा. सकाळपासून."

"काल?" काकू विचारात पडल्या. "काल काईच नाही झालं वं. सकाळी पोट्टा कामावर गेला. दुपारी मी भाजी निवडली. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले. गरम गरम जेवलो."

"मग?"

"मंग आमी दोघं बसलो."

"बसून काय केलं?"

"काई नाही," काकू म्हणाल्या. "बसलो."

गजूदादा दुलारीजवळ गेला, हात पुढे केला. तिने मुकाट्याने किल्ली दिली. त्याने कपाटातून एक बोर्ड काढला, वायर सोडत आणली, आईच्या खुर्चीशी खाली ठेवला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्या बोर्डाला लावायला तिथं काहीही नव्हतं.

"हे काहून रे?" काकूंनी विचारलं.

"राहू दे ना वं आई," तो म्हणाला. "मानूस आला ना."

आणि मग तो तिथंच, बोर्डाशेजारी, आईच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसला. या वेळी त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.